कुत्र्याचं म्हातारपण

दवाखान्याच्या रांगेत लाल लोकरी टोपी घातलेली एक मुलगी बाकावर चढली, वेनियामिनच्या हातातल्या दुलईत तिनं डोकावून पाहिलं आणि आईला मोठ्यानं विचारलं, "आई, या आजोबांना गुंडाळलंय कशाला?"

आईनं तिला दंडाला धरून खाली ओढलं. रांगेतलं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वेनियामिनला नंतर वाटलं. हसण्यात ती गोष्ट विरून गेली असती. पण सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले, आणि त्या पाहण्यातून त्याला कळलं की दुलईतला चेहरा त्यांनीही पाहिला होता, आपल्या आधीच पाहिला होता. त्यानं दुलईचं टोक बाजूला केलं. कपाळावर आठ्या. कानशिलांवर सैल पडलेली कातडी. तोंडाच्या दोन्ही कडांना खाली ओढणाऱ्या रेघा, आणि डोळे असे, की आयुष्यभर सभांना बसून कंटाळलेला कुणीतरी सज्जन माणूस आता सभा संपण्याची वाट पाहतोय. त्याचा मुलगा ग्लेब शरद ऋतूत जन्मला तेव्हा गुबगुबीत होता. मग त्यानं दूध सोडलं. एकदम नाही, दोन घोट घ्यायचा आणि तोंड बाजूला करायचा, जणू आग्रह मोडायचा नाही म्हणूनच घेतले होते. इस्पितळानं मायलेकरांना बरेच दिवस ठेवून घेतलं, नळीनं पाजलं, रक्त तपासलं, फुप्फुसं तपासली, कुठं काही सापडलं नाही, आणि घरी पाठवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. आजही त्यांनी त्याला उघडं करून वजनाच्या काट्यावर ठेवलं, काटा थांबायची वाट पाहिली, आणि थांबल्यावर आकडा वहीत उतरवला. "उबेत ठेवा," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं पाजत राहा. असली मुलं कधी कधी एकाएकी उचल खातात." कधी कधी नाही खात, हे त्यांनी म्हटलं नाही. वेनियामिन शहराच्या दैनिकात प्रुफं तपासत असे. वाक्यात एखादा शब्द गळला असेल तर ती जागा त्याला लांबूनच दिसायची.

कोस्त्रोमात त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला होता. दवाखान्यातून घरी चालत येताना तो शब्द त्याच्याबरोबर चालत आला. आजोबा. तो शब्द चुकीचा नव्हता, हीच अडचण होती. घरी, म्हणजे चार कुटुंबांच्या सामाईक फ्लॅटमधल्या त्यांच्या एका खोलीत, त्याची सासू पेलागेया मुक्काम ठोकून होती. खेड्यातून येताना तिनं बटाट्यांचं पोतं, वाळवलेल्या अळंब्यांची माळ आणि फडक्यात बांधलेलं एक मडकं आणलं होतं. त्या मडक्यात आंबवलेलं राईचं पीठ होतं. ते रोज थोडं थोडं फुगायचं, आणि खोलीत त्याचा आंबट, जिवंत वास भरून राहायचा. आल्या दिवशीच तिनं नातवाला उजेडाकडे धरून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "कुत्र्याचं म्हातारपण लागलंय याला." सुकत चाललेल्या तान्ह्या पोरांच्या दुखण्याला तिच्या खेड्यात असं म्हणत. तेव्हा त्यानं ते कानाआड केलं. आज तो कोट न काढताच पलंगावर बसला आणि तिनं विषय पुन्हा काढला, बटाटे सोलता सोलता, जसं कुणी म्हणावं की कोटाला अस्तर लावून घ्यायला हवं.

"भाजून घ्यायला हवं पोराला."

"काय?"

"कच्चं राहिलंय. आईच्या पोटात पुरतं भाजलं नाही की असं होतं. पुन्हा भट्टीत घालायचं. नदीपलीकडे उस्तिन्या आहे, तिच्याकडे अजून जुनी भट्टी आहे. मी बोलून आलेय."

"आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? माणूस अवकाशात जाऊन आलाय!"

"जाऊन आलाय ना? परत आला ना? मग हाही येईल."

"रिम्मा, तू सांग यांना."

त्याची बायको रिम्मा दारात उभी होती. ती शाळेत भूमिती शिकवायची. सिद्ध न झालेलं विधान ती घरातसुद्धा सहसा खपवून घेत नसे. तिच्या ब्लाऊजवर छातीपाशी दोन ओले डाग होते. कुणी न प्यायलेलं दूध. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, मडक्याकडे पाहत होती.

"रविवारी मी त्याला नेणार आहे," ती म्हणाली. "तू ये, नाहीतर नको येऊस."

"आणि तिथं काही झालं म्हणजे?"

"इथं काय होतंय, वेन्या?"

मी येईन, असं तो म्हणाला, आणि मनात म्हणाला, अडवायला येईन.

रविवारी सकाळी ते गोठलेल्या व्होल्गावरून चालत निघाले. बर्फावर वाट दाखवण्यासाठी फरच्या फांद्या खोचून ठेवल्या होत्या. पुढे पेलागेया मडकं पोटाशी धरून, मागे रिम्मा, सर्वांत मागे तो. ग्लेबला त्यानं कोटाच्या आत, सदऱ्याला लावून धरलं होतं. वजन असं नव्हतंच; ऊब मात्र होती, चिमूटभर, आणि ती आपली की त्याची हे सांगता येत नव्हतं. मधूनच तो थांबायचा, कोटाची कॉलर बाजूला करून आत कान द्यायचा आणि पुन्हा चालू लागायचा. चालता चालता त्याला आईची गोष्ट आठवली, किंवा गोष्ट कधीची त्याच्या आत चालतच होती आणि आता फक्त ऐकू येऊ लागली. आई तागाच्या गिरणीत कामाला होती. रात्रपाळीला जाण्याआधी ती त्याच्या अंथरुणावर बसायची, तिच्या हातांना ओल्या तागाचा वास यायचा, आणि त्या हातांनी ती सगळं करून दाखवायची: रानातली कोंबडीच्या पायांवरची झोपडी, यागा चेटकिणीचं हाडकुळं नाक, पोराला पकडून आणणं, भट्टी पेटवणं, आणि ते लांब दांड्याचं फावडं, ज्यावरून पाव आत सरकवतात. बस फावड्यावर, यागा म्हणते. पोरगा बसतो, पण हातपाय फाकवून, म्हणजे भट्टीच्या तोंडातून आत जाणारच नाही. असं नाही रे मूर्खा, यागा म्हणते. मग कसं, पोरगा म्हणतो, मला येत नाही, तू दाखव ना. आणि यागा बसते, अंग चोरून, मुटकुळं करून, आणि पोरगा तिला आत ढकलून झाकण लावतो. इथं आई तळहातांची टाळी वाजवायची. धाड! तो दर वेळी हसायचा. त्या टाळीनंतर लगेच झोप यायची, सगळं जग जिथल्या तिथं बसल्यासारखी. आता त्या गोष्टीतलं पोर त्याच्या कोटात होतं, आणि तो स्वतःच्या पायांनी ते पोचवायला निघाला होता. उजव्या हाताला मासेमार बर्फात पाडलेल्या आपापल्या भोकांपाशी पेट्यांवर बसले होते, पाठी वाकवून. त्यांतल्या एकानं मान वर करून या तिघांकडे पाहिलं, पेलागेयाच्या मडक्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा पाण्यात बघत बसला.

उस्तिन्याचं घर कोंबडीच्या पायांवर नव्हतं. गल्लीच्या टोकाला, ओंडक्यांचं, एका बाजूला कललेलं, खिडक्यांच्या चौकटींवर निळा रंग. पण आतली भट्टी खोलीचा अर्धा भाग व्यापून होती, जणू आधी भट्टी होती आणि मग तिच्याभोवती घर बांधलं. नुकतेच काढलेले काळे पाव बाकावर फडक्याखाली होते; विस्तव कधीच ओढून काढला होता, उरली होती ती विटांची ऊब. उस्तिन्या ठेंगणी, किडकिडीत, पांढरा रुमाल कपाळापर्यंत ओढलेली. नाक साधंच होतं. तिनं मडक्यातलं पीठ हुंगलं, बोटावर घेऊन चाखलं, "चांगलं आहे, रागीट आहे," म्हणाली, आणि ते तिच्या परातीतल्या कणकेत मिसळून मळू लागली. मळता मळताच तिनं ग्लेबकडे एकदा पाहिलं.

"बघू दे ना नीट," पेलागेया म्हणाली.

"बघितलं. म्हातारा झालाय. माझ्यापेक्षा म्हातारा." तिनं हात थांबवले नाहीत. "बाहेर खिडकीशी उभं कोण राहणार? मी आत घातलं की बाहेरून तीनदा विचारायचं असतं, आजी, काय भाजतेस, आणि मी उत्तर दिलं की म्हणायचं, भाज, पुरतं भाज. रडक्या माणसाचं काम नाही ते. ही तर आत्ताच रडतेय. तू गं?"

"माझी छाती धडधडते," पेलागेया म्हणाली.

"मग बाप. बाप विचारेल. येईल ना रे विचारायला, शिकलेल्या?"

"मी देणार नाही," वेनियामिन म्हणाला.

आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. रिम्मानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कोट अजून काढला नव्हता. कोटाच्या आतल्या त्या चिमूटभर उबेवर त्यानं दोन्ही हात ठेवले होते. आपण आता एखादं शहाण्यासारखं वाक्य बोलावं असं त्याला वाटत होतं, तापमानाबद्दल, ऑक्सिजनबद्दल. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

"आधी तुम्ही दाखवा."

उस्तिन्या हसली. पुढचे दात नव्हते. हसली की चेहऱ्याचं खालचं टोक नाहीसं व्हायचं.

"फावड्यावर बसू?" ती म्हणाली. "गोष्टीतल्यासारखं? मोडेल रे फावडं, आणि मग तुझ्या पोराला काय हातानं घालू?"

पण तिनं हात धुतले. वरचा झगा काढून खुंटीला अडकवला, आतला जाड तागाचा लांब अंगरखा गुडघ्यांशी आवळून धरला, भट्टीच्या तळाशी गव्हाचा पेंढा पसरला आणि स्टुलावर चढली. पूर्वी खेड्यात माणसं भट्टीत शिरून अंघोळ करत, हे वेनियामिननं ऐकलं होतं. पण म्हातारी बाई विटांच्या त्या काळ्या तोंडात आधी डोकं, मग खांदे, मग कोपरं टेकत सगळीच्या सगळी शिरते, आणि शेवटी सुरकुतलेल्या दोन टाचा आत ओढून घेते, हे पाहणं वेगळं होतं. आतून तिचा आवाज आला, घुमून, खालच्या पट्टीत, जसा विहिरीतून येतो.

"झाकण लाव."

लोखंडी झाकण भिंतीला टेकवलेलं होतं. त्यानं ग्लेबला रिम्माकडे दिलं, झाकण उचललं आणि भट्टीच्या तोंडाशी धरलं. आत पेंढ्यावर ती गुडघे छातीशी घेऊन बसली होती, अंग चोरून, मुटकुळं करून, अगदी तशी. काळोखात फक्त रुमाल पांढरा दिसत होता. "लाव की," ती म्हणाली. "थंडी आत येतेय." त्यानं लावलं. कडीला धरून तो तसाच उभा राहिला. हाताला लोखंडाची ऊब लागत होती आणि लोखंडापलीकडे एक माणूस होतं, ज्यानं त्याला आजच्या आधी कधी पाहिलं नव्हतं आणि तरी झाकण त्याच्या हातात दिलं होतं. त्याला आठवलं, लहानपणी त्या टाळीनंतर हसून झालं की कधी कधी एक प्रश्न मनात रेंगाळायचा आणि झोप त्याला बुडवून टाकायची: यागा बसली कशी? इतकी वर्षं रानात राहिलेली, वारा बांधणारी, मेलेल्यांशी बोलणारी बाई, एका पोराच्या साध्या बतावणीला फसली कशी? गोष्टीत ती जागा गळलेली होती. शब्द जिथं नव्हता तिथून त्यानं दर वेळी डोळे पुढे नेले होते. आता कडी धरून उभं असताना त्याला ती जागा दिसत होती. इतकी मोकळी, की तिच्यातून माणूस आरपार जावं. आतून खोकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग बारीक, बेसूर गुणगुणणं. त्यानं झाकण ओढून काढलं.

"इतक्यात?" आतून ओरडा आला. "आत्ता कुठं हाडं सैल होत होती माझी! जावई आहे की पोलीस?"

ती उलटी सरकत बाहेर आली, गुलाबी, पाठीला पेंढ्याच्या काड्या, चेहऱ्यावर आणि मानेवर वाफेचं पाणी. बाकावर बसून ती धापा टाकत राहिली. बराच वेळ. तिचं वय त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आत शिरणं तिला जड गेलं होतं, आणि गेलं होतं हे ती सांगणार नव्हती.

"ती काही मूर्ख नव्हती," मग ती म्हणाली, रुमालानं गळा पुसत. त्यानं काही विचारलं नव्हतं. "पोर घाबरलं होतं म्हणून बसली."

"आजी," रिम्मानं विचारलं, "तुम्ही भाजलेली सगळी मुलं..."

"नाही. सगळी नाही." ती उठून कणीक लाटू लागली. "काही उठली. काही आईच्या कडेवर घरी जाता जाता गेली. कशानं उठली, कशानं गेली, मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. मी उबेत घालते आणि बोलते, एवढंच. उठलं तर डॉक्टरचं औषध लागलं म्हणतात. गेलं तर उस्तिन्यानं खाल्लं म्हणतात. म्हणोत. आईबापांनी कुणाला तरी म्हणायला नको का? स्वतःला म्हणण्यापेक्षा मला म्हटलेलं बरं. त्यांना अजून पोरं वाढवायची असतात."

हे तिनं दुःखानं म्हटलं नाही, फुशारकीनंही नाही. लाटणं पुढे-मागे जात राहिलं. वेनियामिननं कोट काढला. ग्लेबला रिम्माच्या हातातून घेतलं, दुलई सोडली, लंगोट सोडला, आणि कातड्याच्या सैल पिशवीसारखा तो देह, फासळ्या, सुरकुतलेल्या मांड्या, फुगलेली बेंबी, त्यानं स्वतःच्या हातांनी फावड्यावरच्या कणकेवर ठेवला. म्हातारीनं कणकेच्या कडा उचलून त्याच्याभोवती मिटल्या, नाक आणि तोंड मोकळं ठेवून. आता तो पाव होता, पावाला चेहरा होता. ग्लेबनं बापाकडे त्याच सभेतल्या नजरेनं पाहिलं.

"जा बाहेर," उस्तिन्या म्हणाली. "आणि 'तुम्ही' नको म्हणूस. भट्टी हसेल."

खिडकीखाली गुडघाभर बर्फ होता. तो टोपी विसरला होता. वरची छोटी काच कुणीतरी आतून उघडली आणि राईचा गरम वास बाहेर आला. आपण कसे दिसत असू हे त्याला ठाऊक होतं. नदीवरचा तो मासेमार, पाठीला बर्फ पोखरायचं गिरमिट अडकवून, बहुधा घरीच निघालेला, गल्लीतून येत होता, आणि तो जाईपर्यंत थांबावं असा विचार वेनियामिनच्या मनात आला, आणि आत फावडं विटांवर घासल्याचा आवाज झाला. थांबायला वेळ नव्हता.

"आजी, काय भाजतेस?"

"कुत्र्याचं म्हातारपण भाजतेय!"

"भाज, भाज." तो काचेच्या आणखी जवळ सरकला. "पुरतं भाज. परत येऊ नये असं भाज."

फावडं बाहेर आलं, थांबलं, आत गेलं. मासेमार थांबला होता. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती, जसे लोक प्रेतयात्रेला किंवा चर्चपुढे थांबतात, आणि तो दुसरीकडे बघत होता. वेनियामिननं पुन्हा विचारलं. या वेळी शब्द सोपे गेले. त्याला वाटलं, या खिडकीखाली आपल्याआधी किती जण उभे राहिले असतील, बोडक्या डोक्यांनी, एवढ्याच शब्दांना धरून. त्यांतले काही जण हात मोकळे घेऊन घरी गेले, आणि घरी गेल्यावर त्यांनी गोष्ट सांगितली. आणि तरी पुढच्या हिवाळ्यात ही बाई पुन्हा पीठ मळायला बसली. पुन्हा आत शिरली असेल, कुणी म्हणालं असेल तेव्हा. त्याला त्या कललेल्या भिंतीला कपाळ टेकावंसं वाटलं. त्यानं ते टेकलं नाही; त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"आजी, काय भाजतेस?"

आतून उत्तर आलं नाही. उत्तराच्या जागी एक आवाज आला, कर्कश, फाटका, रागानं भरलेला, आणि तो कुणाचा हे त्याला कळायला वेळ लागला, कारण ग्लेब आजवर असा कधी रडलाच नव्हता. तो कण्हायचा, फार तर कुरकुरायचा. "भाज," वेनियामिन म्हणाला, कुणाला ते न कळता, "भाज, भाज," आणि बर्फातून धडपडत दाराकडे धावला.

आत वाफ होती. पेलागेया भिंतीकडे तोंड करून उभी होती. कणकेचे तुकडे परातीत पडले होते, त्यांवर इवल्या गुडघ्याचा ठसा होता. रिम्मा बाकावर बसून वाकली होती आणि ग्लेब, लाल, घामेजलेला, पिठाचे डाग पडलेला, तिच्या छातीला लागला होता. दोन घोट. वेनियामिननं श्वास धरला. आता तो तोंड बाजूला करेल. घोट. मध्ये थांबला, हुंदका दिला, चिडून पुन्हा तोंड लावलं. घोट. उस्तिन्या भट्टीला टेकून उभी होती, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, आणि ऐकत होती, डोळे मिटून.

"हे आजचं झालं," शेवटी ती म्हणाली. "उद्याचं उद्या. दवाखाना सोडू नका."

"आजी, तुमचे..."

"गप!" ती एवढ्या जोरानं ओरडली की रिम्मा दचकली. "आभार मानशील तर सगळं फुकट जाईल. पैसे काढू नकोस, वाकू नकोस, दारातून मागे वळून बघू नकोस. ते दुखणं आत्ता भट्टीत आहे, बाहेर आलं की वास घेत तुमच्या मागं येणार. त्याला वाटलं पाहिजे, हे लोक माझ्याशी भांडून गेले. बाहेर कुणी भेटलं आणि विचारलं, तर काय सांगायचं ठाऊक आहे ना?"

"नाही."

"कसं नाही? सगळ्यांना ठाऊक असतं."

आणि तिनं हातानं त्यांना हुसकावलं, कोंबड्या हुसकावतात तसं. पेलागेयानं रिकामं मडकं उचललं. वेनियामिननं ग्लेबला पुन्हा कोटाच्या आत घेतलं. आता तो गरम होता, जड होता, त्याच्या अंगाला आंबट पिठाचा वास येत होता, आणि त्याच्या श्वासाला दुधाचा. दार त्यानं आपटून लावलं. वरची काच अजून उघडीच होती.

मासेमार फाटकाशीच उभा होता. टोपी अजून हातात होती. त्यानं घसा खाकरला, आणि जवळच्या माणसाशी बोलायला लागतो त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजात विचारलं, "काय रे बाबा? काय केलं म्हातारीनं?"

वेनियामिननं तोंड उघडलं. क्षणभर त्याला वाटलं की आपल्याला हे जमणार नाही. इतकं धडधडीत खोटं त्यानं आयुष्यात कुणाबद्दल उच्चारलं नव्हतं, आणि ज्या माणसाबद्दल उच्चारायचं होतं, तिच्याइतकं मोठं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. कोटाच्या आत ग्लेबनं उचकी दिली.

"चेटकीण आहे ती!" तो ओरडला. त्याचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "पोराला फावड्यावर घातलं, भट्टीत घातलं, खाणारच होती! कसंबसं ओढून आणलंय!"

"वाईट बाई," मासेमार मान हलवत म्हणाला. आणि उघड्या काचेकडे पाहून तो कमरेपर्यंत वाकला.